किडनीचा आजार आणि डोळ्याचा पडदा: 'रेटिनाचं वय ६६' म्हणजे नेमकं काय जुनं झालंय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईचं वय ५८, किडनीचा आजार स्टेज ३, क्रिएटिनिन (किडनी थकली की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) १.६, बीपीची गोळी दहा-बारा वर्षं चालू, शुगर नाही. डोळे दाखवायला गेलात तर चष्म्याने शेवटची ओळ नीट वाचली, पण पडद्याचा फोटो काढला त्याच्या सॉफ्टवेअरने 'रेटिनाचं वय ६६' असं रिपोर्टवर छापून दिलं, डॉक्टर म्हणाले वर्षाने या, आणि तुम्ही घरी येऊन रात्रभर जागलात. किडनीमुळे डोळे आठ वर्षं आधीच म्हातारे झाले का आणि आईची नजर जाणार का, हे तुम्ही विचारलंय.

मी पडद्याची डॉक्टर आहे, वीस वर्षं होत आली, आणि किडनी विभागाकडून पाठवलेले पेशंट आठवड्यातून दोन दिवस तरी माझ्यासमोर असतात. म्हणून आधी सरळ सांगते. हो, किडनीचा जुना आजार पडद्याचं वय पुढे ढकलतो, हे खरं आहे. पण त्या ६६ आकड्यावरून नजर जाणार की राहणार हे काही कळत नाही. पडदा ही एकच वस्तू नाही, त्यात थर आहेत, रक्तवाहिन्या आहेत, खाली रक्ताची गादी आहे, आणि यातलं प्रत्येक आपापल्या गतीने म्हातारं होतं. सॉफ्टवेअर या सगळ्याचा एक आकडा काढून मोकळं होतं. त्यातलं कोण जुनं झालंय हे कळलं की पुढे काय करायचं तेही कळतं.

आधी त्या आकड्याबद्दल. हजारो निरोगी लोकांचे पडद्याचे फोटो दाखवून कॉम्प्युटरला वय ओळखायला शिकवलंय. ब्रिटनच्या यूके बायोबँकमधल्या, म्हणजे लाखो लोकांच्या आरोग्याची माहिती साठवणाऱ्या प्रकल्पातल्या, फोटोंवर केलेलं असं काम २०२२ मध्ये छापून आलं आणि त्यात कॉम्प्युटरचा अंदाज सरासरी साडेतीन वर्षांनी चुकत होता. म्हणजे रिपोर्टमध्ये दोन-तीन वर्षं जास्त आली तर मी त्याकडे बघतही नाही. आठ वर्षं म्हणजे जरा दखल घ्यावी असं अंतर आहे, पण तेही फोटो कसा आलाय त्यावर आहे. ५८ व्या वर्षी थोडा मोतीबिंदू असतोच, बाहुली नीट मोठी झाली नसेल तर फोटो धुरकट येतो, आणि धुरकट फोटो कॉम्प्युटरला म्हातारा दिसू शकतो. त्याच बायोबँकच्या माहितीवर पुढे असंही दिसलं की हे अंतर जितकं जास्त तितका पुढे किडनी निकामी होण्याचा धोका जास्त. पण हे हजारो लोकांच्या गटाबद्दलचं आहे, तुमच्या आईचं भविष्य त्या एका फोटोवरून कोणी वाचू शकत नाही.

आता किडनी आणि डोळा यांचा संबंध काय, कारण बहुतेकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं. एकेका किडनीत साधारण दहा लाख गाळण्या असतात, प्रत्येक गाळणी म्हणजे केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्यांचा गुंता, त्याखाली एक पातळ पापुद्रा आणि त्यावर पेशींचा थर. डोळ्याच्या पडद्याच्या मागे अगदी अशीच मांडणी आहे, छिद्राछिद्रांच्या बारीक रक्तवाहिन्या, त्यावर पातळ पापुद्रा, त्यावर पेशींचा थर. दोन्हीकडच्या पापुद्र्यात एकाच जातीचं कोलॅजन असतं, म्हणून अल्पोर्ट सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक आजारात ते कोलॅजन बिघडलं की किडनीही जाते आणि पडद्यावर बारीक ठिपकेही दिसतात. दोन्ही ठिकाणी बारीक नळ्यांतून प्रचंड रक्त वाहतं, आणि बीपी वाढवणारी जी रेनिन-अँजिओटेन्सिनची यंत्रणा किडनीत आहे तिची एक आवृत्ती डोळ्यातही आहे. त्यामुळे किडनीतल्या बारीक नळ्यांना जे सोसावं लागलं ते डोळ्यातल्या नळ्यांनीही सोसलेलं असतं, फरक इतकाच की किडनीत डोकावायला बायोप्सी लागते आणि डोळ्यात मी नुसती लेन्स धरून बघू शकते.

हे काही आजकालचं ज्ञान नाही. १९३९ मध्ये कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी पडद्यावरचे बदल बघून बीपीच्या पेशंटचे चार गट पाडले होते, आणि गट जितका वरचा तितकं आयुष्य कमी असं त्यांना दिसलं होतं.

तर रक्तवाहिन्यांपासून सुरू करू. निरोगी पडद्यावर धमनी आणि शीर यांच्या जाडीचं प्रमाण साधारण दोनास तीन असतं. तुमच्या आईसारख्या पेशंटमध्ये धमन्या बारीक झालेल्या दिसतात, भिंत जाड झाल्याने त्या तांब्याच्या तारेसारख्या चमकतात आणि जिथे धमनी शिरेवरून जाते तिथे शीर चिमटल्यासारखी दिसते. वयाने हे सगळ्यांनाच थोडंफार होतं, बीपीने लवकर होतं, आणि किडनीचा आजार असला की त्यात भर पडते, कारण फॉस्फेट वाढतं, नळ्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचायला लागतं, जे विषारी पदार्थ लघवीतून जायला हवे ते रक्तात फिरत राहतात आणि नळ्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतात. शिवाय क्लोथो नावाचं एक प्रथिन आहे, १९९७ मध्ये जपानी संशोधकांना उंदरांमध्ये सापडलं, ते नसलेले उंदीर अकाली म्हातारे व्हायचे. ते मुख्यतः किडनीत तयार होतं आणि किडनीच्या आजारात लवकरच कमी व्हायला लागतं. म्हणजे किडनीच्या आजाराला काही जण अकाली वार्धक्य म्हणतात त्यात तथ्य आहे.

पण सॉफ्टवेअरने आठ वर्षं जास्त दाखवली ती माझ्या अंदाजाने मुख्यतः या नळ्यांमुळे, आणि त्यात दहा-बारा वर्षांच्या बीपीचा हात किती आणि किडनीचा किती हे वेगळं काढणं मला तरी जमत नाही. बीपीने किडनी बिघडते, बिघडलेली किडनी बीपी वाढवते. तुम्ही 'किडनीमुळे का' असं विचारलंत, त्याचं प्रामाणिक उत्तर हे आहे की दोघं मिळून.

आता मला जो थर सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, आणि साध्या फोटोत नीट कळतच नाही तो. पडद्याच्या खाली रक्ताची एक गादी असते, तिला कोरॉइड म्हणतात. डोळ्यात येणाऱ्या रक्तातला बहुतांश वाटा हिच्यातून जातो आणि पडद्याच्या बाहेरच्या अर्ध्या भागाला, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींना, हीच पोसते. ओसीटी स्कॅन, म्हणजे प्रकाशाने पडद्याचा उभा छेद दाखवणारी तपासणी, केला की राखाडी पट्टे एकाखाली एक दिसतात, वरचे पट्टे पडद्याचे, मग एक पांढरी ठळक रेघ, आणि त्याखाली काळी-पांढरी जाळी असलेली जाड गादी. तरुण माणसात ती गादी टुमटुमीत असते, मध्यभागी साधारण अडीचशे-तीनशे मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि वयाबरोबर दर दहा वर्षांनी साधारण १५ मायक्रॉनने बसत जाते. किडनीच्या आजारात ती वयाच्या मानाने जास्त बसलेली असते. कधी कधी स्कॅन बघून मी पेशंटचं वय परत विचारते, इतकी पातळ.

आणि इथे मला तुम्हाला एक चांगली गोष्ट सांगायचीय. एडिनबरामधल्या एका गटाने २०२३ मध्ये दाखवलं की किडनी ट्रान्सप्लांट झाल्यावर ही गादी परत जाड होते, अगदी पहिल्या आठवड्यातच फरक दिसतो आणि वर्षभराने तो टिकलेला असतो. आणि ज्यांनी किडनी दान केली त्यांच्यात उलट ती थोडी पातळ झालेली दिसली. याचा अर्थ असा की यातलं सगळंच कायमचं म्हातारपण नाही, काही भाग रक्तपुरवठा आखडल्याचा आहे आणि किडनीचं काम सुधारलं तर तो सुटू शकतो. तुमच्या आईंना ट्रान्सप्लांटची वेळ आलेली नाही आणि येऊही नये, मी हे एवढ्यासाठी सांगतेय की 'वय झालं' म्हटलं की माणूस हात टेकतो आणि इथे हात टेकायचं कारण नाही. एकच सावधगिरी, चष्म्याचा मायनस नंबर मोठा असेल तर ही गादी मुळातच पातळ असते, त्यामुळे आईचा नंबर बघितल्याशिवाय एकाच स्कॅनवरून निष्कर्ष काढायचा नाही.

तिसरा थर म्हणजे पडद्याच्या तळाशी असलेला रंगद्रव्याचा थर आणि त्याखालचा पापुद्रा. या पेशी आयुष्यभर कचरा उचलायचं काम करतात आणि वय झालं की कचरा साचून पिवळे ठिपके दिसायला लागतात, त्यांना ड्रुसेन म्हणतात. पुढे जाऊन मधली नजर घालवणारा जो आजार आहे, वयोमानाने मॅक्युला (पडद्याचा अगदी मधला भाग) झिजण्याचा, त्याची सुरुवात यातून होते. ऑस्ट्रेलियातल्या ब्लू माउंटन्स अभ्यासातून २००८ मध्ये असं छापून आलं की मध्यम किडनी आजार असलेल्यांमध्ये पाच वर्षांत या आजाराची सुरुवातीची अवस्था दिसण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट होतं. सगळीकडे निष्कर्ष इतके ठळक आलेले नाहीत, पण माझ्या मते एवढं कारण दर वर्षी बाहुली मोठी करून पडदा बघायला पुरेसं आहे.

यावरून एक आजी आठवतात. किडनी स्टेज ४, दोन्ही डोळ्यांनी ६/६, सगळीकडे 'नंबर ठीक आहे' ऐकून माझ्याकडे आल्या होत्या. मी विचारलं त्रास काय, तर म्हणाल्या उजेडातून घरात आले की बराच वेळ काही दिसत नाही, रात्री उठले की भिंत चाचपत जाते, सून म्हणते बल्ब लाव पण बल्ब बंद केला की परत तेच. ओसीटी केला तर पांढऱ्या रेघेखाली छोटे छोटे उंचवटे, ओळीने, आणि खाली गादी अगदी बसलेली. त्यांची नजर तक्त्यावर खरंच ठीक होती, कारण तक्ता भर उजेडात वाचतात, आणि वयाने आधी थकतात त्या अंधारात काम करणाऱ्या पेशी. म्हणून आईंना तक्त्याबद्दल विचारू नका, अंधारात गेल्यावर किती वेळाने दिसायला लागतं ते विचारा, पायऱ्या उतरताना कडा कळते का ते विचारा. हे तुम्हाला कुठल्याही मशीनशिवाय कळेल.

मज्जातंतूंच्या थराबद्दल फार लिहीत नाही, तोही वयाने पातळ होतो आणि किडनीच्या पेशंटमध्ये काहींचा जास्त होतो, पण तिथे काचबिंदू आहे का हा प्रश्न आधी सोडवावा लागतो आणि डोळ्याचं प्रेशर मोजल्यावर निम्मं उत्तर मिळतं.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. १.६ क्रिएटिनिन आणि ५८ वर्षांची बाई म्हणजे ईजीएफआर (किडनी मिनिटाला किती गाळते त्याचा अंदाज) साधारण ३७ येतो, म्हणजे स्टेज ३ चा दुसरा भाग, ३बी. पण डोळ्याच्या दृष्टीने मला त्याहून जास्त महत्त्वाचा वाटतो तो लघवीतल्या अल्ब्युमिनचा रिपोर्ट, युरिन एसीआर, जो तुम्ही लिहिलेला नाही. लघवीतून प्रथिन गळतंय याचा अर्थ बारीक नळ्या सच्छिद्र झाल्यात, आणि असं गळणं सहसा फक्त किडनीपुरतं राहत नाही. ३७ ईजीएफआर आणि प्रथिन अजिबात नाही असा पेशंट आणि ३७ ईजीएफआर आणि भरपूर प्रथिन असा पेशंट, या दोघांचे पडदे मी वेगळ्या काळजीने बघते. दुसरं, शुगर नाही हे कशावरून ठरवलंय ते बघा, कारण किडनीच्या आजारात हिमोग्लोबिन कमी असलं किंवा ते वाढवायची इंजेक्शनं चालू असली की एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) खोटं कमी येऊ शकतं, उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर एकदा स्वतंत्र करून घ्या. शुगर निघाली तर वरचं अर्धं उत्तर बदलतं.

पाणी साठण्याबद्दलही सांगायला हवं, कारण इथे आम्ही डोळ्याचे डॉक्टरही चुकतो. डायलिसिसवरच्या एका पेशंटच्या दोन्ही डोळ्यांत मॅक्युलाला सूज होती, शुगर जुनी, मी डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनचा कागदही भरला होता. मग लक्षात आलं की दोन्ही डोळ्यांची सूज अगदी सारखी आहे आणि पायावर बोट दाबलं तर खड्डा पडतोय. किडनीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी दोन-तीन आठवड्यांत डायलिसिसमध्ये जास्तीचं पाणी काढून वजन तीन किलोने खाली आणलं आणि पुढच्या स्कॅनला सूज बरीचशी उतरलेली होती, इंजेक्शन न देता. तेव्हापासून दोन्हीकडे सारखी सूज दिसली की मी आधी पाय बघते आणि बीपी मोजते. तुमच्या आईंना आज हे लागू नाही, पण पुढे कधी चेहरा सुजला, पाय सुजले आणि त्याच वेळी अक्षरं पुसट झाली तर दोन्ही डॉक्टरांना एकत्र कळवा.

औषधांबद्दल मात्र आजच लागू आहे. डोळ्यांच्या ताकदीच्या म्हणून ज्या कॅप्सूल मिळतात त्या किडनीच्या पेशंटने आपल्या मनाने घेऊ नयेत. व्हिटॅमिन ए रक्तात ज्या प्रथिनासोबत फिरतं ते प्रथिन किडनी साफ करते, किडनी थकली की ते साचतं, म्हणजे बहुतेक किडनीच्या पेशंटमध्ये व्हिटॅमिन ए कमी नसतं, उलट जास्त असतं, आणि डोळ्यांसाठी चांगलं म्हणून आपण त्यात अजून घालतो. व्हिटॅमिन सी चे मोठे डोस ऑक्सलेट बनून किडनीवरच बसतात. मॅक्युलाच्या आजारासाठी जो सिद्ध झालेला फॉर्म्युला आहे, एरेड्स-२, त्यात व्हिटॅमिन ए नाही, पण सी ५०० मिलिग्रॅम आहे आणि झिंकही भरपूर, आणि तो मध्यम किंवा पुढच्या अवस्थेतल्या पेशंटसाठी आहे, नुसतं 'वय जास्त दाखवलं' म्हणून नाही. लागलाच तर किडनीच्या डॉक्टरांना विचारून.

तसंच डोळ्याचं प्रेशर कमी करायला असिटाझोलामाइडच्या गोळ्या देतात, त्या किडनी कमजोर असलेल्या माणसाला महागात पडू शकतात, म्हणून डोळ्याच्या प्रत्येक डॉक्टरला आधी क्रिएटिनिन सांगा, विचारलं नाही तरी सांगा. ल्यूपस किंवा सांध्यांसाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू असेल तर तेही सांगा, किडनी ते औषध बाहेर टाकते आणि ईजीएफआर कमी असला की त्याचा पडद्यावरचा दुष्परिणाम लवकर होतो. आणि एक भीती काढून टाका. पडद्याच्या अँजिओग्राफीत जो पिवळा डाय देतात, फ्लुरेसीन, तो सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या डायसारखा नसतो. लघवी आणि कातडी जरा जास्त वेळ पिवळी राहील इतकंच. किडनी खराब होईल म्हणून आवश्यक तपासणी टाळणारे पेशंट बघितलेत आणि वाईट वाटतं. शिवाय आता बऱ्याच वेळा डायशिवायच ओसीटी अँजिओग्राफीने काम भागतं.

मग आता करायचं काय. वर्षाने या म्हणाले ते चुकीचं नाही, पण तुमच्या जागी मी असते तर महिना-दीड महिन्यात एकदा ओसीटी करून घेतला असता, कोरॉइडची जाडी वाचता येईल अशा पद्धतीने, आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारले असते: धमन्यांवर बीपीचे बदल आहेत का, कापसाच्या पुंजक्यासारखे डाग किंवा रक्ताचे ठिपके आहेत का, ड्रुसेन आहेत का आणि किती मोठे, गादी वयाच्या मानाने पातळ आहे का. ही उत्तरं कागदावर घ्या आणि किडनीच्या डॉक्टरांच्या फाइलमध्ये लावा, पडद्याचा रिपोर्ट त्यांना बीपीचं टार्गेट ठरवायला उपयोगी पडतो. सगळं ठीक निघालं तर वर्षाने, ड्रुसेन किंवा रक्ताचे ठिपके असले तर सहा महिन्यांनी किंवा त्याआधी.

पडद्याचं म्हातारपण हळू करायचं वेगळं औषध माझ्याकडे नाही. जे किडनीला वाचवतं तेच इथेही कामाला येतं, म्हणजे बीपी घरी मोजून टार्गेटमध्ये ठेवणं, बहुतेकांना १३०/८० च्या खाली पण आकडा त्यांच्या डॉक्टरांनी ठरवायचा, मीठ कमी, लघवीतलं प्रथिन कमी करणाऱ्या गोळ्या नियमित, अंगदुखीसाठी मनाने पेनकिलर घेणं बंद, हिमोग्लोबिन आणि फॉस्फेटवर लक्ष, आणि घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर ती बंद. बीपीची गोळी 'आज बरं वाटतंय' म्हणून चुकवणं हे मी पडद्यावर बघितलेल्या नुकसानाचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

घरी एक साधी सवय लावा. चौकटी आखलेला कागद, अॅम्सलर ग्रिड म्हणतात, वाचायचा चष्मा लावून आठवड्यातून एकदा, एक डोळा झाकून मग दुसरा. रेघा वाकड्या दिसल्या किंवा मधे चौकट गायब झाली तर त्या आठवड्यात दाखवा. आणि एका डोळ्यापुढे अचानक पडदा आला, किंवा सकाळी उठल्यावर एका डोळ्याने अर्धं दिसेनासं झालं, दुखत नसलं तरी, तर त्याच दिवशी जा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जाताना शेवटचा क्रिएटिनिन आणि चालू गोळ्यांची यादी सोबत असू द्या. एसीआरचा आकडा मिळाला की इथेच खाली लिहा, त्यावर अजून नेमकं सांगता येईल.